‘ॲबस्ट्रॅक्ट’ : अर्थ, उच्चार आणि वापर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत इंग्रजी शिकवताना या एका विशेषणावर जेवढे प्रश्न येतात, तेवढे क्वचितच दुसऱ्या शब्दावर येतात. दहावीची मुलं व्याकरणासाठी विचारतात, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा देणारे बालमानसशास्त्रासाठी, इंजिनिअरिंगची मुलं जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेसाठी आणि चित्रकलेकडे वळलेली मुलं चित्रांसाठी. प्रत्येकाला वाटतं, आपल्या विषयातला ॲबस्ट्रॅक्ट हा काहीतरी निराळाच शब्द आहे. प्रत्यक्षात सगळीकडे एकच अर्थ काम करतो. तो एकदा पक्का बसला की बाकीचं बरंचसं आपोआप सुटतं, म्हणून पहिली चार उत्तरं सावकाश वाचा. पुढची लागतील तशी वाचली तरी चालेल.

ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे नेमकं काय? एका वाक्यात सांगा.

एखाद्या वस्तूतून, माणसातून किंवा प्रसंगातून एक गुण, नातं किंवा कल्पना वेगळी काढून तिचा स्वतंत्रपणे विचार केला, की ती कल्पना ॲबस्ट्रॅक्ट.

आता एक हळकुंड हातात घ्या. सांगलीत ते कुणाच्याही घरात सापडेल. ते कडक आहे, त्याला वास आहे, वजन आहे, मोडलं तर आतून गडद पिवळं दिसतं. त्यातला फक्त ‘पिवळेपणा’ मनानं बाजूला काढा. तो पिवळेपणा झेंडूत आहे, सोन्यात आहे, शेवंतीतही आहे. पण नुसता पिवळेपणा पोत्यात भरून मार्केट यार्डात नेता येत नाही. हळद काँक्रीट, पिवळेपणा ॲबस्ट्रॅक्ट. तसंच रिक्षात विसरलेली पर्स परत आणून देणारा रिक्षावाला काँक्रीट, त्याच्या वागण्यातून आपण वेगळा काढलेला ‘प्रामाणिकपणा’ ॲबस्ट्रॅक्ट.

काँक्रीट म्हणजे सिमेंटचं ना? ते इथं कुठून आलं?

स्लॅबमध्ये ओततात ते काँक्रीट आणि ॲबस्ट्रॅक्टच्या विरुद्ध अर्थाचं काँक्रीट, दोन्ही एकच शब्द. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ ‘एकत्र वाढून घट्ट झालेलं’ असा आहे. सिमेंट, वाळू आणि खडी एकजीव होऊन घट्ट होतात. वस्तूचेही सगळे गुण तिच्यात एकजीव असतात. ‘काहीतरी काँक्रीट बोला’ असं आपण मीटिंगमध्ये म्हणतो ते याच अर्थानं.

हा शब्द आला कुठून? मुळापासून कळलं तर लक्षात राहतं.

लॅटिनमधून. ‘ट्राहेरे’ म्हणजे ओढणे आणि ‘अब्’ किंवा ‘अब्स्’ म्हणजे पासून, दूर. दोन्ही मिळून ‘पासून ओढून काढलेलं’. उसाच्या ट्रॉल्या कारखान्यावर ओढून नेणारा ट्रॅक्टर याच धातूवरून आला. ॲट्रॅक्ट म्हणजे स्वतःकडे ओढणे, एक्स्ट्रॅक्ट म्हणजे बाहेर ओढणे, सबट्रॅक्ट म्हणजे वजा करणे, डिस्ट्रॅक्ट म्हणजे लक्ष भलतीकडे ओढणे. ‘ट्रॅक्ट’ दिसलं की कुठेतरी ओढाओढ आहे एवढं ध्यानात ठेवा. एका धातूनं डझनभर शब्द हाताशी येतात.

आपल्या जिल्ह्याला आणखी जवळचा एक वापर आहे. ब्रिटिश इंग्रजीत नदीतून किंवा विहिरीतून पाणी उपसण्याला ‘वॉटर ॲबस्ट्रॅक्शन’ म्हणतात. म्हैसाळ, ताकारी, टेंभू या उपसा सिंचन योजना कृष्णेचं पाणी उचलून जत, कवठेमहांकाळ, आटपाडी अशा कोरड्या भागाकडे नेतात. अशा पाणीउपशाच्या बातम्यांत हा शब्द भेटला तर दचकू नका. नदीतून पाणी ओढून काढणं आणि हळकुंडातून पिवळेपणा ओढून काढणं, भाषेच्या लेखी क्रिया तीच.

म्हणजे ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे अवघड, डोक्यावरून जाणारं असंच ना?

नाही. सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

वर्गात गणिताचा एखादा धडा कळला नाही की मुलं म्हणतात, ‘मॅडम, लय ॲबस्ट्रॅक्ट आहे.’ त्यांना म्हणायचं असतं की अवघड आहे. पण अवघड असणं आणि ॲबस्ट्रॅक्ट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जळालेली मोटर रिवाइंड करणं अवघड आहे, पण त्यात ॲबस्ट्रॅक्ट काहीच नाही. तांब्याची तार, स्लॉट, इन्सुलेशन, सगळं हाताला लागतं. उलट ‘पाच’ हा आकडा पूर्णपणे ॲबस्ट्रॅक्ट आहे. पाच आंबे असतात, पाच बोटं असतात, पाच शेळ्या असतात. या सगळ्यांतून आंबे, बोटं आणि शेळ्या वगळल्यावर जे उरतं ते ‘पाच’. तो पाच आजवर कुणी पाहिलेला नाही, आणि तरी बालवाडीतलं लेकरू तो वापरतं. जगातल्या सर्वांत ओळखीच्या कल्पना ॲबस्ट्रॅक्ट आहेत : उद्या, उधारी, नातं, हक्क, सुट्टी.

अवघडपणाचा संशय का येतो तेही बघा. शाळेत ॲबस्ट्रॅक्ट कल्पना बऱ्याचदा आधी व्याख्या म्हणून येते आणि उदाहरण मागून येतं. कधी कधी येतही नाही. ज्या वस्तूंतून ती ओढून काढली त्या वस्तू मुलांनी पाहिलेल्याच नसतात. मग कल्पना हवेत लोंबकळते आणि दोष शब्दावर येतो. माझं ठाम मत आहे की कल्पना कळत नसेल तेव्हा व्याख्या दहा वेळा वाचण्यापेक्षा तिची दोन खरी उदाहरणं शोधावीत.

दुसरा गैरसमज असा की ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे मोघम. तेही बरोबर नाही. भूमितीतलं ‘वर्तुळ’ ॲबस्ट्रॅक्ट आहे आणि त्याची व्याख्या तंतोतंत आहे. ‘बघू, करू कधीतरी’ हे मोघम आहे, त्यात ॲबस्ट्रॅक्ट काही नाही.

एखादा शब्द ॲबस्ट्रॅक्ट आहे की काँक्रीट, हे ओळखायचं कसं?

बोट दाखवून बघा. बोट दाखवता आलं, हात लावता आला, वास घेता आला, तर काँक्रीट. ही पहिली पायरी सातवीपर्यंत पुरते. पुढे मात्र लक्षात येतं की हा सरळ दोन भागांत पडणारा प्रकार नाही, त्यात चढउतार आहेत.

सांगलीच्या पुराचं उदाहरण घ्या. ‘आयर्विन पुलाजवळ पाणी ४५ फुटांवर आलंय’ हे वाक्य अगदी काँक्रीट आहे, कुणीही जाऊन पाहावं. ‘कृष्णेला पूर आलाय’ हे थोडं वर गेलं, कारण पुरात पाणी, वेग, बुडालेली घरं असं बरंच एकत्र आलं. ‘नैसर्गिक आपत्ती’ म्हटलं की आणखी वर गेलो, आता भूकंप आणि दुष्काळही त्यात बसतात. आणि ‘धोका’ म्हटलं की सर्वांत वर. धोक्याला रंग, वजन, आकार नाही. म्हणूनच तर त्याला पुलापाशी फुटांत उतरवावं लागतं : ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं तेव्हा ‘धोका’ या शब्दात काय काय मावतं ते गावभागातल्या प्रत्येक घराला कळलं.

त्यामुळे इंग्रजीत ‘मोर ॲबस्ट्रॅक्ट’ आणि ‘लेस ॲबस्ट्रॅक्ट’ म्हणता येतं, आणि तसं म्हणणंच जास्त अचूक असतं. ‘“डेंजर” इज मोर ॲबस्ट्रॅक्ट दॅन “फ्लड”.’ म्हणजे ‘पूर’पेक्षा ‘धोका’ ही कल्पना अधिक अमूर्त.

तुलना करताना ‘ॲबस्ट्रॅक्टर’ आणि ‘ॲबस्ट्रॅक्टेस्ट’ चालेल का?

चालणार नाही. ‘मोर’ आणि ‘मोस्ट’ लावायचं. आणि एकवचनी नामाआधी ‘ॲन’ यायला हवं, ‘अ’ नाही : ‘ॲन ॲबस्ट्रॅक्ट आयडिया’.

मराठीतलं भाववाचक नाम आणि इंग्रजीतलं ॲबस्ट्रॅक्ट नाऊन एकच का?

व्याकरणापुरतं हो, एकच समजा. फक्त ‘भाव’ या शब्दामुळे एक चूक होते. मुलांना वाटतं भाव म्हणजे भावना, म्हणून राग, प्रेम, दुःख एवढीच भाववाचक नामं. इथे भाव म्हणजे ‘असणं’, ‘स्थिती’. त्यामुळे लांबी, गरिबी, मोठेपण, पाटीलकी, गुलामगिरी ही सगळी भाववाचक नामंच. मार्केट यार्डातला हळदीचा भाव हा आणखी तिसरा अर्थ. पण तोही हातात धरता येत नाही हे खरंच.

मराठी माध्यमाच्या मुलांना इथे मोठा फायदा आहे आणि तो ते वापरत नाहीत. आपल्याला प्रत्यय माहीत असतात : शहाणा–शहाणपण, गोड–गोडवा, गार–गारवा, नवल–नवलाई, सुंदर–सौंदर्य, शूर–शौर्य, मित्र–मैत्री, माणूस–माणुसकी, वक्ता–वक्तृत्व. इंग्रजीत नेमकं हेच ‘-नेस’, ‘-ई’, ‘-हुड’, ‘-शिप’, ‘-डम’ करतात : काइंड–काइंडनेस, ऑनेस्ट–ऑनेस्टी, चाइल्ड–चाइल्डहुड, फ्रेंड–फ्रेंडशिप, फ्री–फ्रीडम. दोन्ही भाषांत विशेषणाला किंवा साध्या नामाला शेपूट लावून गुण वेगळा काढला जातो. वहीत दोन्ही याद्या शेजारी शेजारी लिहा, इंग्रजीतले प्रत्यय एका आठवड्यात डोळ्यांखालचे होतात.

परीक्षेत मार्क मात्र भलत्याच जागी जातात, ‘द’च्या वापरात. मराठीला आर्टिकल नाही, म्हणून आपण एकतर सगळीकडे ‘द’ घालतो किंवा कुठेच घालत नाही. नियम सोपा आहे. गुणाबद्दल सर्वसाधारण बोलताना काहीही लावायचं नाही : ‘ऑनेस्टी इज रेअर.’ ठरावीक माणसाच्या किंवा प्रसंगाच्या गुणाबद्दल बोलताना ‘द’ : ‘द ऑनेस्टी ऑफ दॅट रिक्षा ड्रायव्हर सरप्राइज्ड अस.’ आणि यातले बरेच शब्द मोजता येत नाहीत. ‘ॲडव्हाइसेस’, ‘नॉलेजेस’, ‘इन्फर्मेशन्स’ असं लिहू नका. ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’ लिहा.

निर्गुण म्हणजे ॲबस्ट्रॅक्ट म्हणता येईल का?

हा प्रश्न वारकरी घरातल्या एका विद्यार्थिनीनं विचारला होता आणि मला तो फार आवडला. उत्तर : जवळचं वाटतं, पण उलटं आहे.

सगुण–निर्गुण हा भेद आपल्या कानावर लहानपणापासून असतो. निर्गुण म्हणजे ज्याला कुठलाच गुण चिकटवता येत नाही असं. ॲबस्ट्रॅक्ट करताना आपण वस्तू सोडतो आणि गुण ठेवतो. हळकुंड गेलं, पिवळेपणा राहिला. निर्गुणात गुणच गळतात. त्यामुळे ‘ॲबस्ट्रॅक्ट गॉड’ असं भाषांतर केलं तर इंग्रजी वाचणाऱ्याला ‘देव ही नुसती एक कल्पना’ असा अर्थ लागेल, आणि भक्ताला ते मुळीच म्हणायचं नसतं. निराकारासाठी ‘फॉर्मलेस’ हा शब्द बरा. ‘अमूर्त’ हा मात्र ॲबस्ट्रॅक्टला नीट बसतो, कारण त्यात नाकारलाय तो फक्त आकार.

उच्चार कसा करायचा?

विशेषण आणि नाम असेल तर जोर पहिल्या अवयवावर (सिलेबलवर) : ॲब्-स्ट्रॅक्ट. क्रियापद असेल तर जोर दुसऱ्यावर आणि सुरुवात हलकी : अब्-स्ट्रॅक्ट. रेकॉर्ड, प्रेझेंट, ऑब्जेक्ट या शब्दांचंही असंच होतं. मराठीत जोर बदलल्यानं शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान त्याला सरावलेला नसतो. मोबाइलवर डिक्शनरी उघडून दोन्ही उच्चार पाठोपाठ ऐका.

दोन चुका टाळा. एक, मधला ‘ब’ गाळून ‘ॲस्ट्रॅक्ट’. दोन, शेवट ‘ट्रक्ट’ करणं. ‘ऑब्स्ट्रक्ट’ म्हणजे अडथळा आणणे, तो वेगळाच शब्द.

हा शब्द कोणत्या शब्दांच्या सोबतीनं येतो?

एकटा अर्थ पाठ करण्यापेक्षा जोड्या पाठ करणं कधीही चांगलं. नेहमीच्या जोड्या : ॲबस्ट्रॅक्ट आयडिया, ॲबस्ट्रॅक्ट कन्सेप्ट, ॲबस्ट्रॅक्ट थिंकिंग, ॲबस्ट्रॅक्ट रीझनिंग, ॲबस्ट्रॅक्ट प्रिन्सिपल, ॲबस्ट्रॅक्ट आर्ट, ॲबस्ट्रॅक्ट नाऊन. वाक्याच्या शेवटीही येतो : ‘हिज एक्स्प्लनेशन वॉज टू ॲबस्ट्रॅक्ट.’ म्हणजे त्यानं उदाहरण न देता नुसतं तत्त्वच सांगितलं.

माणसाला लावू नका. ‘ही इज ॲन ॲबस्ट्रॅक्ट पर्सन’ ऐकणारा गोंधळून जाईल. माणसाच्या विचाराला, बोलण्याला, चित्राला लावा.

व्हेग, थिअरॉटिकल, हायपोथेटिकल, इमॅजिनरी : यांत आणि ॲबस्ट्रॅक्टमध्ये फरक काय?

स्पर्धा परीक्षेत हे पर्याय म्हणून शेजारी शेजारी येतात. फरक असा पकडा.

व्हेग म्हणजे मोघम, धूसर. ‘काम कधी होईल?’ याला ‘लवकरच’ हे व्हेग उत्तर.

थिअरॉटिकल म्हणजे सिद्धांतापुरतं, प्रत्यक्ष करून न पाहिलेलं. पुस्तकात वाचून द्राक्षाची छाटणी माहीत असणं हे थिअरॉटिकल ज्ञान. तासगावच्या बागेत कात्री हातात धरली की प्रॅक्टिकल सुरू. इथे विरुद्ध शब्द प्रॅक्टिकल आहे, काँक्रीट नाही, एवढ्यावरूनही फरक कळतो.

हायपोथेटिकल म्हणजे ‘समजा असं झालं तर’. ‘समजा उद्या कोयनेतून एक लाख क्युसेक पाणी सोडलं तर?’ हा प्रश्न हायपोथेटिकल आहे. त्यात धरण, पाणी, आकडा सगळं काँक्रीट आहे, फक्त घटना घडलेली नाही. मुलं इथे हमखास ॲबस्ट्रॅक्टवर टिक करतात.

इमॅजिनरी म्हणजे काल्पनिक, नसलेलं. परी इमॅजिनरी आहे, पण तिला पंख, केस, फ्रॉक असतो, म्हणजे चित्र काढता येतं. न्याय इमॅजिनरी नाही, तो खरा असतो, पण त्याचं चित्र काढायला तराजू उसना घ्यावा लागतो.

कन्सेप्च्युअल ॲबस्ट्रॅक्टच्या सर्वांत जवळचा. कल्पनेच्या पातळीवरचं, रचनेसंबंधीचं. ‘कन्सेप्च्युअल क्लॅरिटी’ म्हणतात, ‘ॲबस्ट्रॅक्ट क्लॅरिटी’ नाही. इनटँजिबल हा शब्द मुख्यतः हिशेबात आणि वारशात भेटतो : दुकानाचं नाव, गुडविल, परंपरा. मूल्य आहे, हात लावता येत नाही.

‘इन द ॲबस्ट्रॅक्ट’ म्हणजे काय?

तत्त्वतः, ठरावीक प्रसंग बाजूला ठेवून. ‘इन द ॲबस्ट्रॅक्ट, एव्हरीवन सपोर्ट्स रोड वायडनिंग.’ तत्त्व म्हणून रस्ता रुंदीकरणाला सगळ्यांचाच पाठिंबा असतो. प्रश्न येतो तो कंपाउंडवर लाल खूण पडल्यावर. निबंधात आणि गटचर्चेत हा शब्दप्रयोग फार उपयोगी आहे, कारण तत्त्व आणि प्रत्यक्ष यांतलं अंतर तो तीन शब्दांत दाखवतो.

ॲबस्ट्रॅक्ट पेंटिंग म्हणजे काहीही फटकारे मारलेले चित्र का?

मुळीच नाही, आणि यासाठी मी मुलांना औंधला जायला सांगते. सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात, भवानराव पंतप्रतिनिधींनी उभं केलेलं श्री भवानी वस्तुसंग्रहालय आहे. तिथे राजा रविवर्म्याचं ‘सैरंध्री’ हे चित्र आहे. चेहऱ्यावरची घालमेल, वस्त्राची चुणी, हातातलं भांडं, सगळं जसंच्या तसं. त्याच संग्रहालयात हेन्री मूर या इंग्लिश शिल्पकाराचं ‘मदर अँड चाइल्ड’ हे दगडी शिल्प आहे. त्यात आई कोण, वय काय, साडी की झगा, यातलं काही कळत नाही. राहतं ते एक मोठं वळण आणि त्याला बिलगलेलं लहान वळण. दगडातून ‘आई-लेकरू’ हे नातं ओढून काढलंय, बाकीचं सोडून दिलंय. ते पूर्ण ॲबस्ट्रॅक्ट नाही, अर्ध्या वाटेवर आहे, आणि म्हणूनच शिकायला उत्तम. एका जागी उभं राहून दोन्ही पाहिलं की विशेषणाचा अर्थ डोळ्यांना समजतो.

पीट मोंद्रियान या डच चित्रकारानं १९१०च्या आसपास झाडाची चित्रं काढली. आधी ओळखू येणारं झाड, मग फांद्यांच्या वाकलेल्या रेषा, मग जवळपास नुसत्या रेषा. क्रमानं पाहिलं तर ‘ॲबस्ट्रॅक्ट करणं’ ही क्रिया पायरीपायरीनं दिसते.

आणि एक बारकावा. नागपूरला जन्मलेले वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) आपल्याकडचे फार मोठे अमूर्त चित्रकार मानले जातात. त्यांना स्वतःच्या चित्रांसाठी ॲबस्ट्रॅक्टपेक्षा ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ (वस्तूविरहित) हा शब्द पसंत होता. शब्दाचं मूळ आठवलं तर या निवडीत अर्थ दिसतो. ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे कशातून तरी ओढून काढलेलं. ज्या चित्राची सुरुवातच वस्तूपासून होत नाही, त्याला ते लेबल कसं लावायचं?

एस्टिमेटमधला ‘ॲबस्ट्रॅक्ट’ आणि रिसर्च पेपरचा ‘ॲबस्ट्रॅक्ट’ हेच का?

तेच, पण तिथे तो नाम आहे. बांधकामाच्या एस्टिमेटमध्ये मेजरमेंट शीटवर लांबी, रुंदी, उंची मोजून परिमाण काढतात आणि ॲबस्ट्रॅक्ट शीटवर प्रत्येक बाबीचं एकूण परिमाण, दर आणि रक्कम तेवढी येते. मोजमापांच्या गर्दीतून कामाचा आकडा ओढून काढलेला. शोधनिबंधाच्या सुरुवातीचा ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे गोषवारा. दोन्हींना मराठीत ‘गोषवारा’ छान चालतो. तिथे ‘अमूर्त’ लिहू नका.

जावामध्ये ॲबस्ट्रॅक्ट क्लास असतो, त्याचा याच्याशी काय संबंध?

थेट संबंध आहे. ‘वाहन’ नावाचा क्लास (म्हणजे साचा) केला आणि त्याला ॲबस्ट्रॅक्ट म्हटलं, तर ‘न्यू’ लिहून त्याचा ऑब्जेक्ट (म्हणजे साच्यातली वस्तू) बनवता येत नाही, कंपायलर (प्रोग्रॅम तपासून त्याचं भाषांतर करणारं सॉफ्टवेअर) एरर देतो. कारण नुसतं ‘वाहन’ रस्त्यावर कुठे दिसतं? दिसतो तो टेम्पो, ट्रॅक्टर, स्कूटर. वाहनात ‘चालू करणे’ ही मेथड (म्हणजे कृती) नुसती जाहीर करून ठेवता येते, तिचं काम कसं होतं ते ट्रॅक्टरचा क्लास लिहील. मुलाखतीत व्याख्या घडाघडा म्हणणारी मुलं ‘असं का?’ विचारल्यावर थांबतात. हळकुंड आणि पिवळेपणा आठवला तर थांबावं लागणार नाही.

‘ॲबस्ट्रॅक्टेड’ म्हणजे?

विचारात हरवलेला, लक्ष दुसरीकडे असलेला. ‘शी हॅड ॲन ॲबस्ट्रॅक्टेड लुक.’ कथा-कादंबऱ्यांत भेटतो, बोलण्यात कमी.

माझा मुलगा चौथीत आहे. ‘प्रामाणिकपणा म्हणजे काय’ विचारलं की नुसतं उदाहरण सांगतो, व्याख्या येत नाही. काळजी करायची का?

अजिबात नको. त्याच्या वयाला उदाहरण हेच बरोबर उत्तर आहे. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं मुलांच्या विचारशक्तीच्या ज्या अवस्था मांडल्या, त्यांत साधारण ७ ते ११ वर्षं ही मूर्त क्रियात्मक अवस्था आहे. मूल तर्क करतं, पण समोरच्या वस्तू आणि प्रसंग धरून. वस्तूशिवाय कल्पनांवर विचार करण्याची औपचारिक क्रियात्मक अवस्था साधारण ११-१२ वर्षांपासून पुढे सुरू होते. टीईटी देणाऱ्यांनी हे वयोगट नीट लक्षात ठेवावेत. घरच्यांनी वयाचा आकडा काटेकोर धरू नये, मुलागणिक फरक पडतो.

घरी एवढंच करा. त्यानं एक उदाहरण दिलं की विचारा, ‘अजून कोण असं वागलं?’ दुसरं दिलं की विचारा, ‘या दोघांत सारखं काय?’ सारखं काय ते शोधायला लागला की मूल स्वतःच कल्पना ओढून काढायला लागतं. व्याख्या पाठ करून घेतलीत तर ती परीक्षेनंतर विसरेल.

ॲबस्ट्रॅक्ट इंग्रजी शब्द लक्षात कसे ठेवायचे? यादी पाठ केली तरी वापरता येत नाहीत.

यादीत शब्दासमोर एक मराठी शब्द असतो, आणि दोन्ही तितकेच हवेतले. ‘रिस्पॉन्सिबिलिटी – जबाबदारी’ लिहून हाताला काय लागलं? त्याऐवजी शब्दासमोर आपल्या घरातला, गल्लीतला एक खरा प्रसंग इंग्रजीत लिहा.

पलूसकडच्या एका विद्यार्थ्यानं या शब्दासाठी लिहिलेलं वाक्य मी अजून वर्गात सांगते. नदीकाठाला शेत असल्यानं पाणी चढायला लागलं की काठावरची मोटर सोडवून वर आणावी लागते, रात्री-अपरात्री, चिखलात, दोर लावून. त्यानं लिहिलं : ‘माय ब्रदर इज रिस्पॉन्सिबल फॉर ब्रिंगिंग द पंप अप बिफोर द वॉटर राइझेस.’ या एका वाक्यात ‘रिस्पॉन्सिबल’नंतर ‘फॉर’ येतं आणि त्यापुढे क्रियापदाला ‘-इंग’ लागतं, हे दोन्ही नियम बसून गेले. त्यापुढे त्यानं दुसरी ओळ जोडली : ‘इट इज अ बिग रिस्पॉन्सिबिलिटी.’ आधी प्रसंग, मग विशेषण, मग नाम. याच क्रमानं जा. फ्रीडम, प्रायव्हसी, डिग्निटी, अकाउंटेबिलिटी, सगळ्यांना ही रीत लागू पडते. ज्या शब्दाला प्रसंग सापडत नाही तो सध्या बाजूला ठेवा, बळेच निबंधात कोंबू नका.

मराठीत लिहिताना ‘ॲबस्ट्रॅक्ट’च लिहावं की ‘अमूर्त’?

चित्र, कल्पना, विचार, बीजगणित यांना ‘अमूर्त’. व्याकरणात ‘भाववाचक’. चर्चा प्रत्यक्षापासून लांब गेली असेल तर ‘तात्त्विक’. एस्टिमेट आणि निबंधाला ‘गोषवारा’. बोलताना ‘ॲबस्ट्रॅक्ट’ म्हटलं तरी बिघडत नाही, पण त्या जागी आपल्याला ‘अवघड’ किंवा ‘मोघम’ तर म्हणायचं नाही ना, हे बघा. तसं असेल तर तेच शब्द वापरा.

सरावाला काही वाक्यं द्या.

रिकाम्या जागी ॲबस्ट्रॅक्ट बसतो का ते ठरवा.

‘टाइम इज ॲन ___ कन्सेप्ट.’ बसतो.

‘चिल्ड्रन लर्न काउंटिंग विथ मार्बल्स बिफोर दे लर्न ___ नंबर्स.’ बसतो. आधी गोट्या, मग नुसते आकडे.

‘द रोड वॉज ___ अँड फुल ऑफ पॉटहोल्स.’ बसत नाही. खड्ड्यांत काहीच अमूर्त नाही, तिथे ‘नॅरो’ किंवा ‘बॅड’ लिहा.

‘व्हॉट इफ द ब्रिज इज क्लोज्ड टुमॉरो? इट्स ओन्ली अ ___ क्वेश्चन.’ बसत नाही. हायपोथेटिकल हवं. आधी ‘अ’ आहे, ‘ॲन’ नाही, एवढ्यावरूनही उत्तर सापडतं.

‘वी आस्क्ड फॉर अ डेट, बट ही गेव्ह अ ___ रिप्लाय.’ इथेही बसत नाही. तारीख विचारली आणि मोघम उत्तर मिळालं, म्हणजे व्हेग.